लिबरल आर्ट्स विद्यापीठात इंजिनिअरिंग : तासगावच्या ताईंना उत्तर

ताई, मुलीला सीईटीत चांगले पर्सेंटाइल आहेत, घरातले सगळे सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज म्हणताहेत आणि तिला मात्र लिबरल आर्ट्स विद्यापीठात, म्हणजे विज्ञानाबरोबर इतिहास-अर्थशास्त्रासारखे विषयही शिकवणाऱ्या विद्यापीठात, बी.टेक. करायचंय. इतिहास-अर्थशास्त्राच्या नादात इंजिनिअरिंग कच्चं राहील का, अशी तुमची काळजी आहे. मी सांगलीतच सिव्हिल केलं, बरीच वर्षं पाटबंधाऱ्याची कामं केली आणि पुढे अशा एका विद्यापीठात शिकवलं. दोन्हीकडचं बघून सांगतो.

सगळ्यात आधी पदवीचं नाव बघा. अहमदाबाद युनिव्हर्सिटी किंवा शिव नाडर इथे बी.टेक. मिळते. अशोकासारख्या ठिकाणी कॉम्प्युटर सायन्स उत्तम शिकवतात, पण पदवी बी.एस्सी.ची. सॉफ्टवेअरमध्येच जायचं असेल तर फारसं अडत नाही. उद्या एमपीएससीची स्थापत्य अभियांत्रिकी सेवा किंवा यूपीएससीची ईएसई (केंद्राची अभियांत्रिकी सेवा परीक्षा) द्यायची झाली, तर इंजिनिअरिंगचीच पदवी लागते.

आता कच्चेपणाचं. तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद असलेल्या एआयसीटीईच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात एकूण १६० क्रेडिट (विषयांचं वजन मोजायचं एकक) आहेत. त्यातले मानव्यविद्या, समाजशास्त्रं आणि व्यवस्थापन मिळून फक्त १२. लिबरल आर्ट्सवाले हा वाटा बराच वाढवतात. ही जागा येते कुठून? गणित, मेकॅनिक्स, थर्मो, सर्किट्स हा गाभा चांगली विद्यापीठं सोडत नाहीत. कात्री लागते ती शेवटच्या दोन वर्षांतल्या खास विषयांना. म्हणजे पाया पक्का राहतो, शाखेतली खोली थोडी कमी होते आणि ती एम.टेक.ला भरून काढता येते. अमेरिकेतल्या हार्वे मड आणि स्वार्थमोरमध्ये तर शाखाच नसतात, पदवी नुसती इंजिनिअरिंगची. स्मिथ हे मुलींचं कॉलेज, तिथे १९९९ मध्ये इंजिनिअरिंग सुरू झालं आणि २००४ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली.

खरी अडचण वेळापत्रकाची असते. इतर मुलं पहिलं वर्ष चाखतमाखत घालवू शकतात, इंजिनिअरिंगच्या मुलांना ती चैन नाही. गणित राहिलं की मेकॅनिक्स राहतं, मेकॅनिक्स राहिलं की पुढचं सगळं सरकतं. मुलीला हे पहिल्याच सेमिस्टरला ठाऊक हवं.

मग एवढा खटाटोप कशासाठी? आपल्या कृष्णेकडे बघा. २००५, २०१९, २०२१, तीन महापूर आपण सोसले. सांगलीच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. वरून कोयनेचा विसर्ग, हरिपूरला वारणा येऊन मिळते, खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण. किती पाणी किती वेळात येईल हे गणित मला कॉलेजनं शिकवलं आणि चांगलं शिकवलं. पण निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्यात, घरं उठली कशी, त्यांना परवानगी कुणी दिली, तिथून उठवलं तर माणसं जाणार कुठे? बच्छावत लवादानं कृष्णेचं पाणी राज्यांत कसं वाटलं, दुसऱ्या लवादाच्या २०१० च्या निवाड्यात अलमट्टीची उंची ५२४ मीटरवर नेण्याचा मुद्दा कसा आला, उसाच्या पैशाचा आणि धरणातून पाणी सोडण्याच्या वेळेचा संबंध काय? हे सगळं मी नोकरीत, लोकांच्या शिव्या खात शिकलो. पुराचं काम करणाऱ्या इंजिनिअरला हायड्रॉलिक्स आणि हे, दोन्ही वीस-बाविसाव्या वर्षीच मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं. माझ्या वर्गात हिशेब चोख करणाऱ्या मुली होत्या, त्यातल्या ज्यांनी कायदा आणि इतिहासाचे पेपर घेतले होते त्यांचे पुरावरचे प्रोजेक्ट अहवाल वेगळेच असायचे. त्या गावात जाऊन विचारून यायच्या.

पैशांचं मात्र स्पष्ट बोलायला हवं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅपमधून (शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) असेल, तर राज्य शासन शिकवणी शुल्क पूर्ण माफ करतं. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. तुम्ही या गटात बसत असाल तर चार वर्षांचा फरक काही लाखांत जातो. विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती किती, ती चारही वर्षं मिळणार का, गुण घसरले तर बंद होते का, हे लेखी घ्या. कर्ज काढून पाठवू नका, एवढं माझं ठाम मत आहे.

वालचंदलाच गेली तरी दार बंद होत नाही. २० जादा क्रेडिट घेऊन दुसऱ्या विषयात मायनर (जोडविषय) करण्याची सोय एआयसीटीईच्या त्याच आराखड्यात आहे, कॉलेजात कोणते विषय मिळतात ते विचारा. वालचंदजवळ विश्रामबागेतच विलिंग्डन कॉलेजही आहे, १९१९ पासूनचं. एका आवारातली पोरं दुसऱ्या आवारातल्या व्याख्यानाला जात नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

विद्यापीठ बघायला गेलात तर माहितीपत्रक बाजूला ठेवा. प्रयोगशाळेत जा, यंत्रं वापरात आहेत का बघा. तिच्या शाखेला पूर्णवेळ प्राध्यापक किती, मागच्या दोन तुकड्यांतली मुलं कुठे लागली, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून काढून घ्या, ती खरं सांगतात.

आणि काहीही ठरलं तरी कॅपचा ऑप्शन फॉर्म भराच. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र आत्ताच तहसीलमधून काढून ठेवा, ऐन वेळी तिथे रांगा लागतात. शिष्यवृत्तीचं पत्र हातात पडेपर्यंत मिळालेली जागा सोडू नका.