अमेरिकेत सरकारी शाळांचा पैसा येतो कुठून? आम्ही भाड्याने राहतो, तर मालमत्ता कर आम्हीही भरतो का?

भरता. पावती घरमालकाच्या नावाने फाटते एवढंच. त्याचा बराचसा भार भाड्यात येतोच.

केंद्र सरकारचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. उरलेलं ओझं राज्य आणि स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) देशभराचा हिशेब धरला तर जवळपास निम्मं-निम्मं उचलतात. राज्याचा पैसा मुख्यतः आयकर आणि विक्रीकरातून, स्थानिक पैसा बहुतेक घर-जमिनीवरच्या करातून.

गोची इथेच आहे. महागड्या घरांच्या गावात कमी दरानेही भरपूर कर जमतो, गरीब वस्तीत दर चढा ठेवूनही हात तोकडे पडतात. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या पालकांनी याविरुद्ध दावा लावला. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो ५ विरुद्ध ४ मतांनी फेटाळला, कारण अमेरिकी राज्यघटनेत शिक्षण हा मूलभूत हक्कच नाही. (माझ्या मते निकाल चुकला.) मग भांडणं राज्यांच्या कोर्टांत गेली. आज टेक्सास श्रीमंत डिस्ट्रिक्टकडून जादा कर काढून घेतं. श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणाऱ्या कथेतल्या नायकावरून लोक त्याला 'रॉबिन हूड' म्हणतात. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने (मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेल्या तरतुदीने) मूळ मालमत्ता कर घर-जमिनीच्या करपात्र किमतीच्या १ टक्क्यावर बांधला, त्यामुळे तिथे राज्याचा वाटा मोठा. हवाईत तर अख्ख्या राज्याचा एकच डिस्ट्रिक्ट.

तुम्ही न्यू जर्सीत घर घेणार असाल, तर शाळेच्या रेटिंगसोबत मागच्या वर्षीचं कराचं बिलही मागून घ्या. देशातल्या सर्वांत चढ्या मालमत्ता करांपैकी एक तिथलाच.