सगळ्यांचेच फोटो छान, मग निवडायचं कोणाला?

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी चार फोटोग्राफर पाहिले. चौघांचेही नमुने सुंदर आहेत. कशावरून ठरवावं?

उत्तर : नमुन्यांवरून नकोच. ते कितीतरी लग्नांतून वेचून काढलेले असतात. एकाच लग्नाचे, ग्राहकाला दिलेले झाडून सगळे फोटो दाखवायला सांगा. त्या कुटुंबाची परवानगी लागते, ही अडचण खरी; पण दाखवण्याजोगं एकही लग्न नसेल तर तो विषय तिथेच संपवा.

उन्हातले फोटो भरभर चाळा, ते बहुतेकांना जमतात. थांबायचं ते रात्रीच्या, हॉलमधल्या फोटोंवर. चेहरा मोठा करून बघा. कपाळ पिवळं नि गाल जांभळे दिसले, तर पिवळे दिवे आणि रंगीत एलईडी यांचा मेळ त्याला घालता आलेला नाही. चेहरा पांढराफटक आणि मागे भिंतीवर काळी सावली, म्हणजे फ्लॅश थेट तोंडावर मारलाय. पांढऱ्या छतावर मारून परतवला असता तर उजेड मऊ पडला असता. चालणारी माणसं फरफटल्यासारखी पुसट असतील तर शटर (फोटो टिपताना कॅमेऱ्यात उजेड येत राहतो तो वेळ) १/६० सेकंदाच्या आसपास राहिलं. तिथे १/२०० तरी हवं, आणि कमी उजेडात तेवढं मिळायला एफ/२.८ किंवा त्याहून उजळ लेन्स लागते (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो). आडवे काळसर पट्टे दिसले तर सायलेंट शटर (आवाज न करता फोटो टिपायची सोय) आणि एलईडीची लुकलुक यांचं जमलेलं नाही. हा दोष मागाहून धड निघत नाही.

मग एकच विचारा : कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्डं असतात का, आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर एकाच वेळी उतरतो का? कार्ड बिघडलं तर लग्न पुन्हा लावता येत नाही. जादा कॅमेरा सोबत असतो ना, तेही जाता जाता विचारून घ्या.

करारात तास, फोटोंची संख्या, तारखा सगळे लिहितात. प्रत्यक्ष कॅमेरा कोण धरणार, त्याचं नाव मात्र राहून जातं. ते आधी लिहून घ्या, नाहीतर काम पाहिलं एकाचं आणि आला दुसराच, असं होतं.

प्रश्न : रॉ फाइली मागाव्यात का?

उत्तर : रॉ म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला, अजून न सुधारलेला कच्चा माल; घरी त्यावर काम करणारं कोणी नसेल तर नुसत्या पडून राहतील. त्यापेक्षा पूर्ण आकाराच्या जेपेग, म्हणजे तयार फोटोंच्या फाइली मागा. १२ बाय १८ इंचांचं पान ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. मेसेजवरून आलेला फोटो बहुधा त्याच्या जवळपासही नसतो.