खूळ नाही, पण वाट बदला

(धाराशिव जिल्ह्यातल्या एका पालकांचं पत्र आहे. मुलीने नीट दोनदा दिली, दुसऱ्यांदा 421 गुण पडले. तिसऱ्यांदा तिला लातूरला ठेवायचं ठरलंय. आत्याच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या उपचारांत ती सोबतीला होती. आता म्हणते, पर्यावरणशास्त्रात बीएस्सी करून अशा उपचारांचा पर्यावरणावरचा भार कमी करण्याचं काम करीन. वडील लिहितात, ‘दवाखान्याचा कचरा निवडायला पोरगी शिकवली का? हे खूळ तिच्या डोक्यातून काढा.’)

सर, चार पानी पत्रात विषयवार गुण आहेत, क्लासची फी आहे, पुतण्याचा एमबीबीएसचा प्रवेशही आहे. तिला तिसऱ्यांदा बसायचंय का, हे मात्र कुठेच नाही. ठरवलंय तुम्ही आणि अभ्यास करायचाय तिने. असं वर्ष बहुतेक वेळा वायाच जातं. तिची स्वतःची इच्छा असेल तर खुशाल बसू द्या. नसेल तर पुतण्याचं उदाहरण देणं आजपासून बंद करा. आत्याजवळ जागणारी मुलगी दवाखान्याला कंटाळलेली नाही, एवढं तरी त्यातून दिसतंय.

आता ‘कचरा निवडणं’. हा गैरसमज तुमचा आहे आणि थोडा तिचाही. दवाखान्याचा कचरा रंगीत पिशव्यांत वेगळा करण्याचं काम किरकोळ नाही. सलाइनची नळी लाल पिशवीत गेली तर निर्जंतुक होऊन पुनर्वापराला जाते. तीच घाईत पिवळ्या पिशवीत पडली तर भट्टीत जळते, आणि नळीचं पीव्हीसी प्लास्टिक जळताना डायॉक्सिन हे विषारी रसायन तयार होऊ शकतं. पण शस्त्रक्रियेचा मोठा भार डोळ्यांना दिसतच नाही. भुलीचा वायू रुग्णाच्या शरीरात जवळजवळ बदलत नाही, श्वासावाटे बाहेर पडून थेट छतावरून हवेत जातो. डेसफ्लुरेन हा भुलीचा वायू तापमानवाढीत तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून जास्त भर घालतो, सेव्होफ्लुरेन हा दुसरा वायू दोनशे पटींच्या आत. स्कॉटलंडच्या सरकारी रुग्णालयांनी 2023 मध्ये डेसफ्लुरेन बंद केलं. नायट्रस ऑक्साइड हा भुलीसाठीचाच वायू तर बराचसा पाइपलाइनच्या सांध्यांतून गळून रुग्णापर्यंत पोचण्याआधीच वाया जातो. दुसरा उपाय म्हणजे ताज्या वायूचा प्रवाह मिनिटाला 2 लिटरवरून 1 लिटर किंवा त्याखाली आणणं. मग सोडालाइम, म्हणजे सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे आणि संपत आले की रंग बदलणारे मशीनमधले खडे, लवकर संपतं, आणि ते वेळेत बदललं नाही तर रुग्ण स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढू लागतो. नुसत्या रंगावर विसंबता येत नाही, कारण मशीन थोडा वेळ बंद राहिलं की वापरलेल्या सोडालाइमचा रंग परत फिका होऊ शकतो. मॉनिटरवर आत जाणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइडचा आकडा शून्याच्या वर सरकतोय का, ते बघावं लागतं. प्रवाह किती ठेवायचा हे भूलतज्ज्ञ ठरवतात, पण मशीनजवळ प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतोच.

म्हणून मुलीलाही सांगतो: पर्यावरणशास्त्राची पदवी आधी नको. बाहेरून अहवाल घेऊन आलेल्या माणसाचं ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) कुणी ऐकत नाही. आधी आतलं काम शिक. ऑपरेशन थिएटर आणि अॅनेस्थेशिया (भूल) टेक्नॉलॉजीचा पदवी अभ्यासक्रम मला तिच्यासाठी सर्वांत बरा वाटतो. बीएस्सी नर्सिंगला स्वतंत्र सीईटी आहे. बायोमेडिकल इंजिनिअरिंगला गणित हवं. हॉस्पिटल व्यवस्थापन किंवा पर्यावरण व्यवस्थापन नंतर, दोन-तीन वर्षं काम करून.

एक गोष्ट तिने पक्की ध्यानात ठेवावी. शस्त्रक्रिया कुठल्या पद्धतीने करायची हे आजार ठरवतो, कार्बनचा हिशेब नाही. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये दुर्बिणीतून केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेपेक्षा पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया जगण्याच्या दृष्टीने सरस ठरल्याचं 2018 च्या चाचणीत दिसलं. उद्या निकाल उलटा आला तर पद्धतही उलटी. काटकसर करायची ती त्या चौकटीत: भरून लावलेला ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र), निर्जंतुक करून पुन्हा वापरता येणारे स्टीलचे स्पेक्युलम (गर्भाशयमुख तपासायचं उपकरण), गरज नसताना न उघडलेले उपकरणांचे सेट.

आणि सगळ्यांत कमी भार टळलेल्या शस्त्रक्रियेचा. तुमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, 52 गावसमूहांतल्या 1,31,746 महिलांवर अभ्यास झाला आणि 2009 मध्ये छापला गेला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणी देऊ केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. घरात आत्याला झालंय, मग तिशीपुढच्या बाकीच्या बायकांची तपासणी झाली का? पत्रात तेही नाही.

प्रवेशाआधी कॉलेजला जोडलेलं रुग्णालय बघून या. रोज किती ओटी चालतात, विद्यार्थ्यांना भुलीच्या मशीनजवळ किती महिने उभं करतात, निर्जंतुकीकरण विभाग तिथलाच की बाहेर दिलाय, हे विचारायचं. विचारू तिलाच द्या, तुम्ही बाहेर बसा.