मानववंशशास्त्रातला वंश म्हणजे वेळू!

प्रश्न असा आला आहे: ‘विद्यापीठात हा विषय घेतोय. मानववंशशास्त्र लिहू की मानवशास्त्र? आणि आम्ही अभ्यासतो तो सांगाडा की सापळा?’

माणसाच्या शरीराचा आणि संस्कृतीचा अभ्यास करणारं शास्त्र, म्हणजे ‘अँथ्रोपॉलॉजी’, याला ही दोन्ही नावं रूढ आहेत, कुठलंही लिहा. फक्त ‘मानव वंशशास्त्र’ असं तोडून लिहू नका! परवा एका माहितीपत्रकात ते तीनदा वाचलं आणि डोकं फिरलं. मानववंशाचं शास्त्र, असा तो समास आहे. तो तोडला की ‘वंशशास्त्र’ नावाचा भलताच विषय उभा राहतो आणि गोरा वंश, काळा वंश यांची चर्चा सुरू होते.

या धास्तीपोटी काही अभ्यासक ‘वंश’च काढून टाका म्हणतात. मला हे साफ अमान्य आहे. ‘रेस’, म्हणजे गोरा-काळा अशी माणसांची विभागणी, हा अर्थ या शब्दावर फार उशिरा चिकटवला गेला. वंश म्हणजे मुळात वेळू, बांबू. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात स्तोते इंद्राला ‘वंशमिव’ उंच उभारतात. तिथे कूळ नाही, सरळसोट खांब आहे. घराचा वासा हा याच वंशाचा मराठी अवतार. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, असं म्हणताना आपण वंशच उच्चारत असतो. बासरीही त्याच बेटातली.

आता कणा पाहा. पृष्ठवंश! लहानपणी ३३ मणके, पुढे खालचे एकमेकांत जुळून २६ हाडं उरतात. शेजारी वेळूची पेरं ठेवा, म्हणजे हा शब्द योजणाऱ्याची नजर कळेल. आणि बृहदारण्यकोपनिषदात गुरुशिष्यांच्या याद्या येतात, त्यांनाही वंशच म्हटलंय. तिथे पेरामागून पेर वाढतं ते विद्येचं, रक्ताचं नातं लागत नाही. म्हणजे हाडापासून संस्कृतीपर्यंतचा सगळा विषय या एका शब्दात मावतो. जे कोशकार ‘कूळ, घराणं’ हा अर्थ आधी छापून बांबूला शेवटी ढकलतात, त्यांनी शब्दाचं झाड उलटं लावलंय, असं माझं ठाम मत आहे.

वंशश्रेष्ठत्वाचा भ्रम शब्द गाळून जात नाही, तो मोजमापानं जातो. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये १४९ कवट्या मोजल्या आणि कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष काढला. तोही वंशश्रेष्ठत्व मानणारे जर्मन मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली शिकत असताना!

हो, सांगाडा राहिला. ‘हाडांचा सापळा’ हे अस्सल मराठीच आहे. पण उंदराच्या सापळ्याशी गल्लत नको असेल, तर उत्तरपत्रिकेत सांगाडा लिहा.