लिपी नव्हती, तरी राजधानी कळली

प्रश्न : सर, मी पंचवटीत राहते, इतिहास शिकते. पांडवलेण्यांत सातवाहनांचे लेख आहेत, म्हणून राजांची नावं कळतात. मेक्सिकोतल्या तारास्कन लोकांकडे तर लिपीच नव्हती. मग त्यांच्या राजधानीबद्दल संशोधक इतक्या खात्रीने कसे बोलतात?

उत्तर : मुख्य लिखित आधार एक आहे, पण तो परक्याच्या हातचा. स्पॅनिश सत्ता आल्यावर, १५४० च्या सुमारास, फ्रान्सिस्कन पंथाच्या एका ख्रिस्ती धर्मगुरूने तिथल्या जाणत्या मंडळींकडून ऐकून त्यांचा इतिहास लिहून घेतला. राजघराणं, देव, लढाया सगळं त्यात आहे. मात्र हकिकत राजवंशाच्या बाजूची. कोणत्या वस्तीत कोण राहत होतं, हे त्यावरून उमगत नाही.

ही राजधानी म्हणजे पात्स्क्वारो सरोवराकाठचं त्सिन्त्सुन्त्सान. तिथे भल्यामोठ्या चौथऱ्यावर पाच याकाता ओळीने उभ्या आहेत. याकाता म्हणजे एकीकडे गोल, दुसरीकडे आयताकृती असलेलं पायऱ्यापायऱ्यांचं मंदिरपीठ. आत नुसतेच रचलेले दगड आणि बाहेरून तासलेल्या ज्वालामुखी दगडाचं आवरण. त्यातले कोरीव दगड पुढे खालच्या गावातल्या मठाच्या भिंतींत गेले. १९३० च्या दशकापासून उत्खननांचा भर याच भागावर राहिला.

मला मोलाचं वाटतं ते पुरातत्त्वज्ञ हेलन पोलार्ड यांचं काम. १९७० च्या दशकापासून त्यांनी शहराचा पसारा अभ्यासला, तोही मुख्यतः जमिनीवर पडलेल्या वस्तूंवरून. रंगीत नक्षीची, तोटीची भांडी आणि मातीच्या चिलमी सापडल्या, ती घरं वरच्या वर्गाची. ऑब्सिडियन या काळ्या ज्वालामुखी काचेच्या कपच्यांचा खच असेल, तिथे हत्यारं घडवणारे कारागीर. असं करत करत सुमारे ७ चौरस किलोमीटरचं, २५ ते ३५ हजार वस्तीचं शहर डोळ्यांसमोर उभं राहिलं. राजाचं नाव एका लेखात मिळतं. सामान्य माणसाचं घर मात्र असंच, तुकडा तुकडा वेचून शोधावं लागतं.

तुमच्या घराजवळच मातीची गढी, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड आहे. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि देव यांनी नाशिकचा प्राचीन काळ तिथेच खणून उलगडला. त्या गढीची माती पावसात ढासळते, याची मला फार काळजी वाटते. कारण जुलै २०२४ मध्ये पात्स्क्वारो सरोवराकाठच्याच इहुआत्सिओ या तारास्कन स्थळी एका पिरॅमिडची दक्षिण बाजू मुसळधार पावसात कोसळली. आधीच्या कडक उन्हाळ्याने भेगा पडल्या होत्या, त्यांतून पाणी आत शिरलं.

पावसाळा सरल्यावर गढीखाली गेलात, तर खापर दिसेल. ते घरी आणू नका. उचललं की त्याची जागा हरवते आणि अर्धी माहिती त्या जागेतच असते. शेजारी पेन ठेवून जागेवरच फोटो काढा, म्हणजे आकार कळेल. तो फोटो, जागेच्या टिपणासह, तुमच्या प्राध्यापकांना दाखवा.