सेव्ह केलेल्या बदलाची बातमी कोठे अडते?

प्रश्न : मी देवगडला घरूनच काम करते. सध्या एका आंबा बागायतदारांसाठी पेट्यांची मागणी नोंदवणारे संकेतस्थळ तयार करत आहे. ‘एनपीएम रन वॉच’ ही कमांड दिली की वेबपॅक (कोडच्या फाइली एकत्र बांधणारे साधन) पहिले बिल्ड, म्हणजे बांधणी, व्यवस्थित करते. मात्र त्यानंतर फाइल कितीही वेळा सेव्ह केली तरी टर्मिनल ढिम्म हलत नाही, आणि कमांड बंद करून पुन्हा दिली तरच बदल दिसतो. लॅपटॉप विंडोजचा आहे, एडिटर विंडोजमध्ये उघडते, कमांड डब्ल्यूएसएलमधील (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) उबुंटू या लिनक्समध्ये देते आणि फाइली डी ड्राइव्हवर आहेत. गेल्या महिन्यात डब्ल्यूएसएल १ वरून २ वर गेले; त्याआधी सारे सुरळीत होते.
– एक वाचक, देवगड

उत्तर : आपण शेवटचे वाक्य लिहिलेत हे फार बरे झाले, कारण दुखण्याचे मूळ तेथेच आहे. फाइल सेव्ह झाली की ऑपरेटिंग सिस्टिम त्या बदलाची नोंद घेते, वॉचरला, म्हणजे फाइलींवर नजर ठेवणाऱ्या भागाला, कळवते आणि वॉचर वेबपॅकला कामाला लावतो. या वाटेवर बातमी नेमकी कोठे अडते हे समजल्याशिवाय कोणत्याही सेटिंगला हात लावू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कमांड पुन्हा दिल्यावर बदल दिसतो, म्हणजे आपला कोड आणि वेबपॅकची मांडणी दोन्ही ठीक आहेत. आता वॉच चालू ठेवून उबुंटूचे दुसरे टर्मिनल उघडावे आणि त्याच फाइलवर ‘टच’ ही, फाइल बदलल्याची नोंद करणारी, कमांड चालवावी. पहिल्या टर्मिनलमध्ये लगेच बिल्ड सुरू झाले, तर वॉचर जागा आहे आणि केवळ विंडोजमधून केलेले सेव्ह त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, हे सिद्ध होते.

असे होण्याचे कारण डब्ल्यूएसएलच्या दोन आवृत्त्यांच्या रचनेत आहे. पहिल्या आवृत्तीत लिनक्सचा वेगळा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, नव्हता. लिनक्सच्या मागण्या विंडोजच पुऱ्या करत असल्याने डी ड्राइव्हवरील बदल वॉचरला कळत असे. दुसऱ्या आवृत्तीत खरा लिनक्स कर्नल एका हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो आणि डी ड्राइव्ह त्याला नेटवर्कवरील ड्राइव्हसारखा जोडून मिळतो. लिनक्समधील आयनोटिफाय ही यंत्रणा आपल्या कर्नलमधून झालेले बदलच कळवू शकते. लाँच लागावी पलीकडच्या तरीवर आणि वाट पाहणारा बसावा अलीकडच्या, तसे येथे झाले आहे.

म्हणून प्रकल्पच उबुंटूच्या होम फोल्डरमध्ये हलवावा, हा खरा उपाय. नोड मॉड्यूल्सचे (प्रकल्पाला लागणाऱ्या तयार पॅकेजेसचे) फोल्डर मात्र सोबत नेऊ नये; त्यातील हजारो बारीक फाइली उचलण्यापेक्षा नव्या जागी ‘एनपीएम इन्स्टॉल’ करणे सोपे पडते. एडिटर व्हीएस कोड असेल तर त्याचे डब्ल्यूएसएल एक्स्टेन्शन घालून तेथूनच प्रकल्प उघडावा, म्हणजे सेव्ह लिनक्सच्या बाजूनेच होईल. फाइली वाचण्याचा वेगही वाढेल, हा वेगळा लाभ.

पोलिंग चालू करा, असा सल्ला आपल्याला जागोजागी मिळेल. वेबपॅकच्या वॉच ऑप्शन्समध्ये पोलची किंमत १००० ठेवली की दर सेकंदाला प्रत्येक फाइल बदलली आहे का हे तपासले जाते, आणि काम चालते हे खरे. परंतु ही तपासणी आपण काहीही टाइप करत नसतानाही चालूच राहते. पावसाळ्यात लाइट गेल्यावर बॅटरीवर काम करणाऱ्याला ती परवडत नाही. प्रकल्प हलवणे शक्यच नसेल तर पोलिंग जरूर वापरावे, पण नोड मॉड्यूल्स त्यातून वगळूनच.

प्रश्न : मी चिपळूणचा विद्यार्थी असून उबुंटूवर काम करतो. वॉच सुरू करताच ‘ईएनओएसपीसी’ ही चूक दिसते. तिचा अर्थ जागा शिल्लक नाही असा होतो, पण माझी डिस्क तर निम्मी रिकामी आहे.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : डिस्कवरील काहीही पुसू नका. येथे संपली आहे ती आयनोटिफायची मर्यादा. ती ओलांडली गेल्यावर कर्नल हाच ‘जागा नाही’चा सांकेतिक शब्द परत पाठवतो, त्यामुळे पुष्कळांची दिशाभूल होते. जुन्या कर्नलमध्ये एका वापरकर्त्याला ८१९२ ठिकाणांवरच नजर ठेवता येत असे. २०२१ मधील ५.११ या आवृत्तीपासून हा आकडा मेमरीनुसार ठरतो. तो वापरकर्त्यामागे असल्याने एडिटर, आपला वॉच आणि विसरून चालू राहिलेले जुने वॉच हे सारे एकाच शिदोरीत जेवतात. तेव्हा आधी जुने वॉच बंद करावेत आणि नोड मॉड्यूल्स वगळावे. तरीही भागले नाही, तर ‘सिसकंट्रोल’च्या, म्हणजे कर्नलच्या सेटिंगच्या, फाइलीत ‘मॅक्स युजर वॉचेस’ची किंमत ५२४२८८ करावी. ६४-बिट यंत्रावर एका नजरेला सुमारे १ केबी मेमरी लागते, आणि तीही प्रत्यक्ष वापरलेल्या ठिकाणांपुरतीच, त्यामुळे मोठा आकडा पाहून बिचकू नये. किंमत बदलल्यावर वॉच बंद करून पुन्हा सुरू करावा, कारण आधी नाकारली गेलेली फोल्डरे चालू असलेला वॉचर आपणहून पुन्हा मागेल याचा भरवसा नसतो.