आधी केनिया की आधी अमेरिका?

तुमची अडचण अशी: अर्थशास्त्रात एम.ए. झालंय, विकसनशील देशांतल्या मुलांच्या आरोग्य-शिक्षणावर संशोधन करायचंय. पश्चिम केनियात सर्वेक्षणाची दोन वर्षांची नोकरी चालून आलीय, पण घरचे म्हणतात, आधी कर्ज काढून अमेरिकेत शीक. मी नऊ वर्षांपूर्वी याच नोकरीसाठी इथे आले. माझं ऐकाल तर आधी इकडे या.

इथल्याच बुसिया भागात १९९० च्या दशकात शाळांना फुकट पाठ्यपुस्तकं देऊन परिणाम मोजला. सरासरी गुण वाढले नाहीत, फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत, आणि बहुतेकांची ती तिसरी भाषा. वर्गात बसल्याशिवाय हे कसं उमगणार? याच भागात मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल या अर्थतज्ज्ञांनी ७५ शाळांत जंतांच्या गोळ्यांचा अभ्यास केला. गैरहजेरी जवळपास पाव हिश्श्याने घटली, असं त्यांनी २००४ साली मांडलं. त्यावर पुढे कडाक्याचा वाद झाला. तो जरूर वाचा, आकड्यांवर कुठे आणि कसा प्रश्न विचारायचा हे त्यातून छान कळतं.

आता रोजचं काम. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी त्याला फळीवर आडवं निजवून मोजतात. एकाने डोकं नीट धरायचं, दुसऱ्याने गुडघे हलकेच दाबून तळवे सरकत्या पाटाला टेकवायचे आणि मिलिमीटरपर्यंत वाचायचं. मूल रडतं, पाय आखडून घेतं. पहिल्याच आठवड्यात मी घाईने लिहिलेला आकडा पर्यवेक्षकाने पुन्हा मोजला, तर दीड सेंटिमीटरचा फरक! जन्मतारीख आईला आठवत नसेल तर पेरणी, निवडणूक, शाळेची सुट्टी असं विचारत महिना गाठायचा. एका महिन्याची चूक, आणि काठावरचं धडधाकट मूल कागदावर खुजं, म्हणजे वयाच्या मानाने फारच बुटकं, ठरू शकतं. हे एकदा हातून झालं की कुठल्याही तक्त्यातला 'खुजेपणा' तुम्ही डोळे झाकून स्वीकारत नाही. माझ्या लेखी अमेरिकेतल्या पदवीआधीचं खरं शिक्षण हेच.

तयारीचं थोडक्यात सांगते. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. ते प्रमाणपत्र भारतात परततानाही मागतात. कामाचा परवाना नोकरी देणाऱ्यांनीच काढायला हवा, 'पर्यटक म्हणून या, मग बघू' असं कुणी म्हटलं तर थेट नकार द्या. हा पट्टा मलेरियाचा आहे, तेव्हा मच्छरदाणीशिवाय झोपू नका. स्वाहिली आजपासून सुरू करा, स्टाटा हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर इथे आल्यावरही जमेल.

आणि मुलाखतीत एक विचाराच: आठवड्यातले किती दिवस गावात, किती संगणकापुढे? काही प्रकल्पांत दोन वर्षं नुसती गोळा झालेल्या माहितीतल्या चुका दुरुस्त करण्यात जातात. उत्तर गोलमोल आलं तर सही करण्याआधी मला कळवा, आपण दुसरा प्रकल्प शोधू.